सुधारलेली मोटार कां रुसते ?

मोटार कशीबशी चालत असते. सकाळीं सेल्फ दोनदां अधिक फिरवावा लागतो, चढावर ती धापा टाकते, मधूनच तिचा एखादा ठोका चुकतो. परंतु चालत असते. अशा वेळीं मालकाच्या मनांत येतें कीं, तिला एकदां नीट ट्यून करावी. नवे प्लग येतात, नवा पॉइंट व कंडेन्सर बसतो, वायरी पुसल्या जातात, टायमिंग जुळविलें जातें. आणि सारें आटोपून किल्ली फिरवावी तों मोटार मुळींच चालत नाहीं, किंवा चालली तर पूर्वीपेक्षांही वाईट चालते. औषध घेतल्यावर रोग बळावावा असा हा प्रकार होय. नवशिक्या माणसास तो फार गोंधळांत टाकतो. जें जें जुनें तें तें त्यानें बदललेलें असतें, आणि नव्यांत दोष असेल ही शंका त्याच्या मनाला शिवत नाहीं.

ज्या मोटारींची ही गोष्ट आहे त्या आतां वृद्ध झाल्या. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार होणारी फियाट ११००, जिला १९७४ पासून पद्मिनी हें नांव मिळालें, ती ह्या वर्गांतली सर्वांत ओळखीची. महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत जुळविण्यास आरंभ केलेली विलीस जीप ही दुसरी. ह्या शतकाच्या आरंभीं पद्मिनीचें उत्पादन थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सीही निघून गेली. हल्लींच्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवितो. तेथें पॉइंट नाहीं, कंडेन्सर नाहीं, आणि म्हणून त्या गाड्यांवर शिकलेल्या तरुण कारागिराला जुन्या गाडीचें बॉनेट उघडल्यावर काय पहावें हेंच पुष्कळदां उमगत नाहीं. जुना मिस्त्री भेटणें भाग्याचें. मग घरांतली गाडी बंद पडून राहते, तिच्यावर धूळ सांचते, आणि एक दिवस भंगारवाला येतो. पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपांत राखलेली मोटार 'विंटेज' म्हणून नोंदविण्याची सोय केंद्र सरकारनें २०२१ सालीं नियमांत केली आहे. तिचा लाभ मिळण्यापूर्वींच कांहीं गाड्या चार आण्यांच्या एका वायसरापायीं मोडींत जाव्या हें दुःखद आहे.

भुसावळ हें आगगाडीचें गांव. नागपूरकडे आणि इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गांच्या वाटा येथेंच फुटतात. येथें 'पॉइंट' हा शब्द उच्चारला तर निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढें रुळांचा सांधा उभा राहील. मोटारीचा पॉइंट ही वस्तु अगदींच निराळी असली तरी दोहोंत एक साम्य आहे: दोन्ही ठिकाणीं अल्पशा अंतरानें वाट जुळते किंवा तुटते, आणि तें अंतर चुकलें कीं सगळा खोळंबा होतो.

समजा, ह्याच गांवांत एका घरीं १९७५ सालची पद्मिनी आहे. वडिलांनीं हौसेनें घेतलेली, मुलांनीं तींतच बसून शाळा गांठलेली. उद्यां सकाळीं रावेरला लग्नास जावयाचें आहे, म्हणून थोरल्या मुलानें आदल्या संध्याकाळीं ती ट्यून केली. आणि आतां ती चालत नाहीं. सेल्फ कुरकुर करीत फिरतो, इंजिन पेट घेत नाहीं. अंगणांत माणसें जमतात. शेजारचे आबा म्हणतात, "बॅटरीच गेली असेल." दुसरा म्हणतो, "भाऊ, कॉइल बदलून टाका." तिसऱ्यास कार्बोरेटरचा संशय. सगळ्यांत मागें उभा असलेला गृहस्थ हलकेच म्हणतो, "आतां विकून टाका एकदांची." सल्ला देणाऱ्यांपैकीं कोणीही एक प्रश्न मात्र विचारीत नाहीं: काल दुपारपर्यंत ही गाडी चालत होती ना? मग काल दुपारपासून आजपर्यंत हिच्या कोणकोणत्या भागाला हात लागला?

ह्या प्रश्नांतच निम्मा शोध आहे. बॅटरी, कॉइल किंवा पेट्रोलचा पंप हे भाग ट्यूनिंगच्या नेमक्या त्याच घटकेस आपण होऊन बिघडतील असा योगायोग विरळा. दोष बहुधा हात फिरला तेथेंच असतो. तो कसा शोधावा हें समजण्यास ठिणगी कशी पडते तें थोडें पाहिलें पाहिजे.

बॅटरीचा दाब अवघा बारा व्होल्ट. अगदीं जुन्या जीपमध्यें तर सहाच. एवढ्याशा दाबानें प्लगच्या टोकांमधली हवा ओलांडून ठिणगी जात नाहीं. तिला कित्येक हजार व्होल्ट लागतात. हा दाब वाढविण्याचें काम कॉइल करते. तिच्या पोटांत लोखंडाच्या गाभ्याभोंवतीं जाड तारेचे कांहीं शें वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे असतात. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह वाहूं लागला कीं गाभा चुंबक बनतो. तो प्रवाह एकाएकीं तोडला कीं चुंबकत्व कोसळतें, आणि त्या कोसळण्यासरशीं बारीक तारेंत प्रचंड दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ सालीं जो नियम शोधून काढला त्याचाच हा उपयोग. मोटारीला जोडलेली ही व्यवस्था अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यानें सिद्ध केली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाडींत ती प्रथम आली. पुढें साठाहून अधिक वर्षें जगांतल्या बहुतेक पेट्रोलच्या गाड्या तिच्यावरच चालल्या.

प्रवाह जोडण्याचें व तोडण्याचें काम पॉइंटचें. डिस्ट्रिब्यूटरच्या आंत एक चौकोनी कॅम फिरतो. त्याचा एकेक कोपरा पॉइंटच्या टांचेला ढकलून त्याचीं तोंडें उघडतो. ठिणगी पडते ती तोंडें मिळतांना नव्हे, उघडतांना. हें वाक्य श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें, कारण पुढचा सारा उलगडा ह्यावरच अवलंबून आहे. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांच्या गाडींत हा पॉइंट सेकंदांत शंभर वेळां उघडतो. प्रवाह तुटतांना तोंडांशींच ठिणगी उडून तीं जळूं नयेत म्हणून शेजारीं कंडेन्सर बसविलेला असतो. आगगाडीच्या डब्यांना बफर असतात, धक्का ते सोसतात आणि डबा वांचतो, तसाच हा. कंडेन्सरानें तो धक्का सोसला म्हणजे प्रवाह झटकन तुटतो, आणि झटकन तुटला तरच प्लगमध्यें जोरकस ठिणगी पडते.

आतां अंगणांतल्या गाडीकडे परतूं या. पहिली गोष्ट, सेल्फ मारणें थांबवावें. दहा वेळां फिरविल्यानें न चालणारी गाडी अकराव्या वेळीं चालत नाहीं. उलट बॅटरी उतरते, तिचा दाब घसरला कीं ठिणगी आणखी दुबळी होते, आणि प्लग पेट्रोलनें भिजतात. पेट्रोलचा वास येत असेल तर तो जाईपर्यंत बॉनेट उघडें ठेवून स्वस्थ बसावें. ठिणगी शोधण्याचें काम आहे. ती नको तेथें सांपडली तर गाडीबरोबर अंगणही पेटेल. गाडी न्यूट्रलमध्यें, हातब्रेक ओढलेला, हें सांगावयास नकोच.

मग डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून आंत पहावें. रोटर जागेवर आहे ना? हा प्रश्न ऐकून हसूं येईल. परंतु पॉइंट बसविण्यासाठीं काढलेला रोटर पाट्यावरच राहून गेल्याचीं उदाहरणें प्रत्येक गॅरेजांत सांगतात, आणि ज्याच्या हातून तें घडतें तो तासभर कॉइलला दोष देत असतो. टोपीच्या मध्यावर आंतून कोळशाची एक लहानशी कांडी असते. ती स्प्रिंगवर खालींवर होते कीं नाहीं तें बोटानें पहावें. टोपीला केसासारखी भेग किंवा आंतून काळी रेघ असेल तर ठिणगी प्लगला जाण्याऐवजीं त्या रेघेनें पळते. खानदेशच्या काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यांतली ओल एकत्र आलीं कीं अशी रेघ उमटण्यास वेळ लागत नाहीं.

त्यानंतर वायरींचा क्रम. फियाटचा आणि जीपचा, दोन्हींचा क्रम १-३-४-२ असा आहे. म्हणजे रोटर ज्या दिशेनें फिरतो त्या दिशेनें टोपीवरून मोजीत गेल्यास पहिल्या सिलिंडरच्या वायरीनंतर तिसऱ्याची, मग चौथ्याची, मग दुसऱ्याची यावयास हवी. दिशा मनानें धरूं नये. टोपी काढून, सेल्फ क्षणभर फिरवून रोटर कोणीकडे वळतो तें डोळ्यांनीं पहावें. दोन वायरी अदलाबदल झाल्या असतील तर इंजिन दोनच सिलिंडरांवर थरथरत चालतें व कार्बोरेटरांतून फटाके उडवितें. डिस्ट्रिब्यूटरच काढून पुन्हां बसविला असेल तर तो अर्धा फेरा उलट बसण्याचा संभव असतो. कारण पहिला पिस्टन वरच्या टोंकास दोनदां येतो, एकदां दाबाच्या वेळीं आणि एकदां धूर बाहेर टाकतांना, आणि ठिणगी हवी ती पहिल्या वेळीं. पहिला प्लग काढून भोंकावर आंगठा ठेवावा आणि इंजिन हातानें फिरवावें. आंगठा उडविणारा दाब आला कीं तीच खरी वेळ समजावी. ज्यानें डिस्ट्रिब्यूटर हलविलाच नाहीं त्यानें ह्या फंदांत पडूं नये.

इतकें ठीक असेल तर ठिणगी आहे कीं नाहीं हें पहावें. एक प्लग काढून त्याला त्याची वायर लावावी, प्लगचें अंग इंजिनच्या उघड्या लोखंडास टेकवून ठेवावें, त्याच्या भोंकापासून दूर, आणि दुसऱ्या माणसास सेल्फ मारावयास सांगावें. वायर हातांत धरण्याची हौस बाळगूं नये. निळसर, टणक, कडकड आवाज करणारी ठिणगी दिसली तर दोष वेळेचा किंवा पेट्रोलचा. पिवळी, बारीक, चुकतमाकत पडणारी दिसली तर बहुधा कंडेन्सरचा किंवा पॉइंटचा. मुळींच दिसली नाहीं तर एक साधा बारा व्होल्टचा दिवा हातीं घ्यावा. त्याच्या एका वायरीला चिमटा, दुसरीला टोंक. एवढ्या एका दिव्यानें जितकें कळतें तितकें दहा जणांच्या सल्ल्यानें कळत नाहीं.

कॉइलवर दोन लहान खुंट्या असतात. एक किल्लीकडून येणाऱ्या वायरीची, दुसरी डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या वायरीची. दिव्याचा चिमटा इंजिनच्या लोखंडास लावावा, किल्ली चालू करावी, आणि टोंक पहिल्या खुंटीला टेकवावें. दिवा लागला नाहीं तर कॉइलपर्यंत प्रवाहच येत नाहीं. किल्ली, फ्यूज किंवा ढिली वायर पहावी. लागला तर टोंक दुसऱ्या खुंटीला टेकवून सेल्फ मारावा. पॉइंट मिळतो तेव्हां प्रवाह त्याच्यांतून जमिनीस जातो व दिवा विझतो. पॉइंट उघडतो तेव्हां प्रवाह दिव्यांतून जातो व तो लागतो. म्हणून प्रकृति ठीक असतां दिवा लुकलुकला पाहिजे. तो एकसारखा लागूनच राहिला तर पॉइंट कधींच मिळत नाहीं असें समजावें. अंतर फार असेल, मधली वायर तुटली असेल, किंवा नव्या पॉइंटच्या तोंडांवर गंजूं नये म्हणून कारखान्यानें लावलेलें तेल तसेंच राहिलें असेल. हें तेल काढण्यास जाडसर स्वच्छ कागदाची पट्टी तोंडांत धरून ओढावी. पॉलिश पेपर वापरल्यास त्याचे कण तोंडांत रुततात आणि उपायच अपाय होतो.

आणि दिवा मुळींच लागला नाहीं तर? तर दुसऱ्या खुंटीवरील प्रवाह पॉइंट उघडला असतांही जमिनीस मिळत आहे, म्हणजे कोठें तरी तो चोरवाटेनें जात आहे. पॉइंटच्या तोंडांत कागद धरूनही दिवा लागत नसेल तर ह्याविषयीं संशय उरत नाहीं. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडवावी. आतां त्या खुंटीशीं दिवा लागला तर कॉइल निर्दोष, आणि चोर डिस्ट्रिब्यूटरच्या आंत आहे.

पद्मिनीच्या घरीं हेंच घडलें होतें असें धरूं. पॉइंटची हलती पट्टी व तिची स्प्रिंग ज्या खिळ्यावर जोडतात तेथें एक लहानसें न वाहणारें वायसर असतें, फायबरचें किंवा तसल्याच कशाचें. स्प्रिंगचें टोंक, कंडेन्सरची वायर आणि कॉइलची वायर हीं तिन्ही एकमेकांस चिकटलीं पाहिजेत, परंतु खालच्या लोखंडी ताटलीस चिकटतां कामा नयेत. ही वाटणी तें वायसर करतें. तें उलट क्रमानें बसलें, किंवा जुन्या पॉइंटबरोबर फेंकलें गेलें, कीं पॉइंट उघडो वा मिटो, प्रवाह सरळ जमिनीस जातो. सारें नवें, सारें चकचकीत, आणि ठिणगी शून्य. बाहेरून पाहणाऱ्याला ह्यांत कांहींही वावगें दिसत नाहीं, म्हणून हा दोष सर्वांत अधिक छळतो. जुना पॉइंट काढण्यापूर्वीं कोणतें वायसर कशावर आहे ह्याचें एक कच्चें चित्र कागदावर काढून ठेवलें असतें, किंवा हल्लींच्या सोयीप्रमाणें फोनवर छायाचित्र घेतलें असतें, तर संध्याकाळ वांचली असती. जुना सुटा भागही काम पुरें होऊन आठ दिवस लोटेपर्यंत टाकूं नये.

ह्या शेवटच्या सांगण्याचा खरा उपयोग कंडेन्सरच्या बाबतींत होतो. नवा म्हणजे चांगला ही समजूत येथें हमखास फसविते. हल्लीं जुन्या गाड्यांचे सुटे भाग कोठून कोठून येतात, आणि डबीवरचें नांव व आंतली वस्तु ह्यांचा मेळ बसेलच असें नाहीं. नवा कंडेन्सर पहिल्याच दिवशीं निकामी निघतो, किंवा अर्धा तास चालून तापला कीं दगा देतो. पॉइंटचीं तोंडें थोड्याच चालीनंतर निळीं पडलेलीं, एकावर खड्डा व दुसऱ्यावर उंचवटा आलेला दिसला तर कंडेन्सरवर बोट ठेवावें. जुना कंडेन्सर काल चालत होता; तो परत बसवून पाहणें हा फुकटचा आणि निश्चित कसोटीचा उपाय आहे. मात्र एका वेळीं एकच वस्तु बदलावी. तीन वस्तु एकदम बदलून गाडी चालली तर दोष कोणाचा होता हें कधींच कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं पुन्हां अंधारच. कॉइल बदलण्याची पाळी आलीच तर आणखी एक सावधगिरी: कांहीं कॉइली बारा व्होल्ट सरळ घेतात, कांहींना वाटेंत एक रोधक लागतो, रोधकाची कॉइल रोधकावांचून जोडली तर ती तापते व पॉइंट जाळते.

वायसर सांपडलें, पॉइंट नीट बसला, आणि पद्मिनी चालूं लागली. परंतु कथा येथें संपत नाहीं. सकाळीं मंडळी निघालीं, आणि थोड्याच वाटेंत तापमानाचा कांटा वर चढूं लागला. गाडीला जोर नाहीं, ॲक्सिलरेटर दाबला तरी ती जड जड जाते. पुन्हां सल्ले सुरू: रेडिएटर चोंदला असेल, पाण्याचा पंप गेला असेल. वैशाखांत ह्या प्रांतीं पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो, तेव्हां पाण्यावर संशय जाणें साहजिक आहे. परंतु रेडिएटरला काल कोणी हात लावला नव्हता.

येथें पॉइंटचें अंतर आणि टायमिंग ह्यांचें नातें समजून घेतलें पाहिजे. भुसावळच्या जुन्या इंजिनचालकांना तें सांगावें लागणार नाहीं. वाफेच्या इंजिनांत पिस्टन टोंकास पोंचण्याच्या किंचित् आधींच वाफेची वाट उघडत असे, म्हणजे पिस्टन परतूं लागतांच वाफ पूर्ण जोरानें त्याच्या पाठीशीं असे. मोटारींतही तेंच. पेट्रोलची वाफ पेटण्यास थोडा अवकाश लागतो, म्हणून पिस्टन वर पोंचण्याच्या कांहीं अंश आधीं ठिणगी पडावी लागते. ती फार आधीं पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा घाव बसतो. सुरू होतांना सेल्फ झटका खातो, चढावर इंजिनांतून खडखड असा नॉकिंगचा आवाज येतो, आणि अशी गाडी अजिंठ्याच्या घाटांत रेटली तर पिस्टनची धडगत नसते. फार उशिरां पडली तर जाळ उरतो तो धुराच्या वाटेनें बाहेर पडतो. जोर कमी, पेट्रोल अधिक, इंजिन गरम, आणि दीर्घकाळ तसेंच चालविल्यास धुराचे व्हॉल्व जळतात.

आतां, ठिणगी पडते पॉइंट उघडतांना. पॉइंटचें अंतर वाढविलें तर कॅमचा कोपरा त्याच्या टांचेस लवकर गांठतो व ठिणगी लवकर पडते. अंतर कमी केलें तर ती उशिरां पडते. म्हणजे अंतराला हात लावला कीं टायमिंग आपोआप हललें. उलट मात्र होत नाहीं. टायमिंग हलविल्यानें अंतर बदलत नाहीं. म्हणून आधीं अंतर, मागाहून टायमिंग, हा क्रम मोडतां येत नाहीं. मुलानें संध्याकाळीं टायमिंग व्यवस्थित जुळविलें होतें. परंतु रात्रीं वायसर नीट करतांना पॉइंट सुटला, घाईनें तो पुन्हां आवळला, अंतर पूर्वीपेक्षां कमी राहिलें, आणि टायमिंग पुन्हां पाहण्याचें राहून गेलें. ठिणगी उशिरां पडूं लागली. रेडिएटर बिचारा निरपराधी होता.

अंतर मोजतांना कॅमचा कोपरा पॉइंटच्या टांचेखालीं अगदीं बरोबर आलेला असावा, आणि फिलर गेजची पट्टी तोंडांतून अल्प ओढीनें सरकावी. विलीस जीपला हें अंतर ०.०२० इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर. फियाटला किंचित् कमी. आपल्या गाडीचा आंकडा तिच्या पुस्तिकेंतूनच घ्यावा, शेजाऱ्याच्या गाडीवरून नव्हे. प्लगच्या अंतराचेंही तसेंच; नवा प्लग डबींतून निघाला म्हणजे त्याचें अंतर बरोबर असतेंच असें नाहीं.

टायमिंग तोच दिवा जुळवितो. इंजिन हातानें फिरवून पहिला पिस्टन दाबाच्या वेळीं खुणेवर आणावा, चिमटा जमिनीस व टोंक कॉइलच्या दुसऱ्या खुंटीस लावावें, डिस्ट्रिब्यूटरचा आवळा ढिला करावा. त्याचें अंग आधीं रोटरच्या दिशेनें थोडें वळवावें म्हणजे दिवा विझेल. मग सावकाश उलट दिशेनें आणावें. दिवा लागला त्या क्षणीं पॉइंट उघडला. तेथेंच थांबावें आणि आवळावें. आवळल्यावर दिव्यानें पुन्हां एकदां ताळा पहावा, कारण आवळतांना अंग हलतें.

वाटेंत गाडी तापल्यावर बंद पडणें आणि निवल्यावर चालूं लागणें, हा ह्या प्रांतांतला आणखी एक ठरीव प्रकार. कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतो तेव्हां असें होतें. आणि पंपांत वा नळींत पेट्रोलची वाफ धरते तेव्हांही अगदीं असेंच होतें. दोहोंचा निवाडा बंद पडल्या जागींच करावा, गाडी निवल्यावर पुरावा उरत नाहीं. ठिणगी निळी असेल तर पंपावर ओलें फडकें टाकून स्वस्थ बसावें. ठिणगी नसेल तर पंपाकडे पाहूं नये. पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, तें जुन्या रबरी नळ्यांस व पडद्यांस मानवत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. आणि मधूनच मिसिंग, तेंही ॲक्सिलरेटर दाबतांनाच, असें असेल तर डिस्ट्रिब्यूटरच्या हलत्या ताटलीची लहानशी वायर तपासावी. ती बाहेरून धडधाकट दिसते, आंतून तुटलेली असते, आणि ताटली सरकली कीं जोड तुटतो.

राहतां राहिला एक दोष, जो ट्यूनिंगनंतर पंधरवड्यानें डोकें वर काढतो. नव्या पॉइंटची टांच आरंभीं कॅमवर घासून थोडी झिजते, अंतर कमी होतें आणि ठिणगी उशिरां पडूं लागते. कॅमला मोहरीच्या एक-दोन दाण्यांएवढें ग्रीस लावलें नसेल तर ही झीज झपाट्यानें होते. अधिक लावलें तर तें उडून तोंडांवर बसतें आणि पुन्हां ठिणगी नाहींशी होते. म्हणून पांचशें-एक किलोमीटर चालल्यावर टोपी उघडून अंतर व टायमिंग पुन्हां पहावें. पद्मिनीच्या घरीं लग्नाहून परतल्यावर पुढच्या रविवारीं तें पाहिलें. अंतर थोडें कमी झालें होतें, तें पूर्ववत् केलें, दिवा लावून टायमिंग जुळविलें, आणि जुना कंडेन्सर कागदांत गुंडाळून, त्यावर तारीख घालून, गाडीच्या खणांत ठेवून दिला.